उंदराला सर्दी झाली खरी, पण किती डोसने?



मागच्या आठवड्यात मामीने व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली. अमुक काढ्याने ॲलर्जीची सर्दी बरी होते, संशोधनात सिद्ध झालंय, वगैरे. खाली तिचा प्रश्न: "अगं, तू यातलंच काहीतरी करतेस ना? घेऊ का मी?" मामी कोथरूडला राहते. पाऊस उघडला की तिच्या शिंका सुरू होतात. सकाळी उठल्या उठल्या ओळीने दहा-बारा, मग दिवसभर नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज. सेटिरिझिन घेतली की झोप येते, नाही घेतली की झोप होत नाही.

मी बातमीतला मूळ पेपर शोधला. उघडल्यावर वाटलं, हा तर मी वाचलाय. वाचलेला नव्हता, पण त्याच साच्यातले इतके वाचलेत की 'साहित्य आणि पद्धती' हा भाग डोळे मिटून लिहिता येईल. मामीला मी तेव्हा "सध्या नको, सविस्तर सांगते" एवढंच लिहिलं. हे ते सविस्तर. मामी, हे वाचत असशील तर मधला इम्युनॉलॉजीचा भाग जरा सोसून घे.

आधी दोन मिनिटं आजाराबद्दल. ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणजे विषाणूची सर्दी नव्हे. परागकण, धुळीतले माइट, बुरशी अशा निरुपद्रवी गोष्टींतल्या प्रथिनांना आपली प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवते. ही आयजीई नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की मास्ट पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात. शिंका, पाणी, खाज हे त्याचंच काम. काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि नाक दिवसभर चोंदून राहतं. या सगळ्यामागे टी पेशींचा एक विशिष्ट कल असतो, त्याला टीएच-2 म्हणतात. हा शब्द पुढे लागेल.

आता उंदीर. उंदराला ही सर्दी आपणहून होत नाही, ती आणावी लागते. सगळ्यात रुळलेली कृती अशी: बाल्ब-सी जातीचा पांढरा उंदीर घ्यायचा, सहा ते आठ आठवड्यांचा. ही जात टीएच-2 कडे पटकन झुकते म्हणूनच ती निवडतात. काळा सी-57 तितका झुकत नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन अलममध्ये कालवून पोटात इंजेक्शन द्यायचं, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. मग आठवडाभर रोज नाकात त्याच प्रथिनाचे थेंब. शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटं पिंजऱ्यासमोर बसून शिंका मोजायच्या आणि उंदीर पुढच्या पायांनी नाक किती वेळा चोळतो ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी उंदीर मारून रक्तातली आयजीई आणि नाकाच्या धुवणातले इओसिनोफिल बघायचे. एका गटाला औषध दिलेलं असतं, त्याच्या आकड्यांचे खांब बुटके निघतात, वर दोन-तीन चांदण्या, की झाला पेपर.

(अलम म्हणजे तुरटी खरी, पण लॅबमध्ये बहुतेकदा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल वापरतात. तुमच्या-माझ्या त्रिगुणी लशीतही ॲल्युमिनियमचाच क्षार असतो. 1926 मध्ये ग्लेनीने दाखवलं की घटसर्पाचं टॉक्सॉइड ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत दिलं तर प्रतिसाद कितीतरी वाढतो. तेव्हापासून ते चालूच आहे.)

या कृतीवर नेहमीची टीका अशी की अंड्याने कोणाला सर्दी होत नाही. बेकरीतले काही कामगार सोडले तर खरंच होत नाही. दुसरी टीका, आपल्याला ॲलर्जी नाकातून होते, पोटात टोचून नाही. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून हल्ली बरेच जण धुळीतल्या माइटचा अर्क वापरतात. हा माइट म्हणजे आठ पायांचा, डोळ्यांना न दिसणारा जीव, गोचिडीच्या गोतावळ्यातला. गादीत-उशीत राहतो आणि आपल्या कातडीचा कोंडा खातो. माणसांना त्याची ॲलर्जी खरोखर होते. आणि त्याचा अर्क अलमशिवाय, नुसता नाकातून दिला तरी उंदराला सूज येते. त्यामुळे परीक्षण लेखांमध्ये एक तक्ता हमखास दिसतो: डावीकडे ओव्हाल्ब्युमिन, उजवीकडे माइट, खाली गुण-दोष. निष्कर्ष, माइटचं मॉडेल माणसाच्या जास्त जवळचं.

मला या तक्त्याशी भांडायचं आहे. तो चुकीचा नाही, पण त्यात बहुतेक वेळा जो रकाना नसतो, तोच माझ्या मते सगळं ठरवतो. तो म्हणजे डोसचा: किती, कुठून, किती थेंबात, किती दिवस, आणि सोबत आणखी काय. मॉडेलचं नाव तेच ठेवून यातली एक गोष्ट बदलली तर उंदराला वेगळाच आजार होतो, कधी कधी होतच नाही. मग आपण दोन मॉडेलांची तुलना केली म्हणजे नक्की कशाची केली?

हे माझं नवं ज्ञान नाही, पन्नास वर्षांहून जुनं आहे. 1970 मध्ये लेव्हिन आणि वाझ यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या जाती घेतल्या आणि अलमसोबत प्रथिनाचे वेगवेगळे डोस दिले. आयजीई हे नाव तेव्हा नुकतंच रुळत होतं. ते तिला जुन्याच नावाने, रीजिन, म्हणत होते. त्यांना दिसलं ते असं की एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी, असे चिमूटभर डोस पुन्हा पुन्हा दिले तर ठरावीक जातींत रीजिन भरपूर बनतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. डोस शंभरपट वाढवला की दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी छान बनतात, पण रीजिन तितकं टिकत नाही. म्हणजे जास्त घातलं की जास्त ॲलर्जी, हा सरळ हिशेब तेव्हाच मोडला होता. तरी आजच्या किती पेपरांत 'दहा मायक्रोग्रॅम' किंवा 'शंभर मायक्रोग्रॅम' का घेतले याचं एका ओळीचं तरी कारण असतं? बहुतेक ठिकाणी फक्त 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' असं असतं. त्या पूर्वीच्या पेपरात गेलात तर तिथेही 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे'. एकदा मी असा माग काढत चार पायऱ्या मागे गेले, तर शेवटच्या पेपरात उंदीर नव्हतेच, गिनी पिग होते.

माझा सगळ्यात आवडता पेपर 2002 मधला, येल विद्यापीठातल्या आयझेनबार्थ आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ओव्हाल्ब्युमिनमधलं एंडोटॉक्सिन काढून टाकलं. एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा. आपल्या शरीराला तो फार लवकर कळतो. बाजारात मिळणाऱ्या ओव्हाल्ब्युमिनमध्ये ते थोडंफार असतंच, कोणी विचारत नाही. तर ते काढून नुसतं प्रथिन नाकातून दिलं, तेव्हा उंदराने ढुंकूनही पाहिलं नाही. 0.1 मायक्रोग्रॅम एंडोटॉक्सिन परत मिसळलं, तर टीएच-2, इओसिनोफिल, सगळी ॲलर्जी हजर. 100 मायक्रोग्रॅम मिसळलं, तर प्रतिसाद उलट्या बाजूला, टीएच-1 कडे गेला. प्रथिन तेच, मात्रा तीच, उंदीर तोच. ज्याला आपण अशुद्धी म्हणून दुर्लक्षित करतो, त्याच्या डोसने आजाराची जात ठरली. हा पेपर वाचल्यावर मी आमच्या फ्रीजरमधल्या जुन्या ओव्हाल्ब्युमिनच्या बाटलीवरचं लेबल वाचायला गेले. एंडोटॉक्सिनबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं.

माइटवाल्यांनी इथे हसू नये. त्यांच्या अर्कातही एंडोटॉक्सिन असतं, आणि एका बॅचपासून दुसऱ्या बॅचमध्ये ते खूप बदलतं. शिवाय त्यातलं डर-पी-1 हे प्रथिन स्वतःच प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे, ते नाकाच्या अस्तराच्या पेशींमधले टाके उसवतं. डर-पी-2 तर आणखी बेरकी: एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या यंत्रणेतल्या एका भागासारखंच दिसतं आणि त्याच्या जागी उभं राहू शकतं. अलम बाहेरून घालावं लागत नाही कारण अर्कातच त्याचं काम करणारे चार जण बसलेत. हे माणसाच्या जवळचं आहे, मान्य. पण मग सूज किती आयजीईमुळे आली आणि किती नुसत्या चिडचिडीमुळे, हे प्रत्येक डोसला वेगळं तपासावं लागेल.

आणि "25 मायक्रोग्रॅम माइट अर्क" म्हणजे 25 मायक्रोग्रॅम कशाचे? कोणी सुक्या वजनाचे मोजतं, कोणी एकूण प्रथिनाचे, कोणी डर-पी-1 चे. तिन्ही ठिकाणी आकडा 25 असू शकतो आणि उंदराच्या नाकात पोचलेला ॲलर्जन मात्र कितीतरी पटींनी वेगळा. एखाद्याने 'एक वाटी' घालायला सांगावं आणि वाटी आमटीची की लग्नातल्या पंगतीची ते सांगू नये, तसं.

आता जरा गणित करू. उंदीर 20 ग्रॅमचा, मामी (तिची माफी मागून) 60 किलोची धरू. वजनाने ती 3000 पट. म्हणजे उंदराचे 25 मायक्रोग्रॅम मामीसाठी 75 मिलिग्रॅम झाले. पण ॲलर्जन अंगभर पसरत नाही, नाकाच्या अस्तरावर पडतो. उंदराच्या नाकाचं आतलं क्षेत्रफळ साधारण 3 चौरस सेंटिमीटर, माणसाचं 150 च्या वर. म्हणजे पन्नास-पंचावन्न पट. या हिशेबाने मामीचा डोस झाला 1.4 मिलिग्रॅमच्या आसपास. एकाच प्रयोगाचे दोन हिशेब, दोन्ही शहाणे दिसतात, आणि त्यांत पन्नासपटींहून जास्त फरक. यातला लहान हिशेब घेतला आणि अर्काच्या शंभरात एकच भाग डर-पी-1 धरला, तरी 14 मायक्रोग्रॅम होतात. घरात राहणाऱ्या माणसाच्या नाकात दिवसाला जातं ते नॅनोग्रॅममध्ये मोजतात. परागकणांच्या एखाद्या मुख्य ॲलर्जनचा तर अख्ख्या वर्षाचा हिशेब मायक्रोग्रॅमच्या आसपास संपतो. आपण उंदराला ऋतूभराची धूळ एका सकाळी चारतो, आणि वर म्हणतो 'माणसासारखंच'.

इथे माझी गाइड म्हणेल (म्हणालीच), "अगं, उंदीर दोन वर्षं जगतो. तुझी फेलोशिप पाच वर्षांची. नैसर्गिक डोस देऊन तो शिंकायची वाट बघत बसणार का?" हे योग्यच आहे. मोठा डोस देणं हा गुन्हा नाही. प्रत्येक मॉडेल काहीतरी ताणून-दाबूनच बनतं. माझी तक्रार एवढीच की ताणलं किती ते सांगा, आणि एकाच ठिकाणी ताणून बघू नका.

कारण डोसची रेघ सरळ नसते. ओव्हाल्ब्युमिन अलमशिवाय नाकातून देत राहिलं तर उंदीर ॲलर्जिक न होता सहनशील होतो. अलमने आधी ॲलर्जिक केलेला उंदीरसुद्धा आठवडेच्या आठवडे तेच हुंगत राहिला तर त्याची सूज ओसरायला लागते. माणसांतही याची झलक दिसते. 2001 मध्ये प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की घरात मांजराचा ॲलर्जन खूप जास्त असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना मांजराची ॲलर्जी नव्हती. त्यांच्यात आयजीई नसून आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी होत्या. माइटबाबत तसं दिसलं नाही, तिथे जास्त धूळ म्हणजे जास्त ॲलर्जी. आणि ॲलर्जीची इंजेक्शनं, ज्याला इम्युनोथेरपी म्हणतात, तिचं सगळं तत्त्वच हे: ज्याची ॲलर्जी तेच द्या, पण वाढवत वाढवत, आणि नैसर्गिक मात्रेच्या कितीतरी वर. 1911 मध्ये लंडनला लिओनार्ड नूनने गवताच्या परागकणांच्या अर्काने हे सुरू केलं. एकच पदार्थ एका डोसला आजार आणि दुसऱ्या डोसला औषध. असं असताना एका डोसवर केलेल्या प्रयोगात खांब बुटका झाला, तर तो काढ्यामुळे झाला की आपण त्या रेघेच्या घसरणीवर उभे होतो म्हणून, हे कसं सांगणार? बिनऔषधाचा गट असतो म्हणा सोबत. पण औषधाने फक्त घसरण लवकर आणली असेल तर? हा प्रश्न एका डोसच्या प्रयोगाला विचारताच येत नाही.

अलमचंही असंच. 2000 साली विल्यम्स आणि गॅली यांनी, दम्याच्या मॉडेलमध्ये, अलमशिवाय संवेदनशील केलेले उंदीर वापरले, तेव्हा मास्ट पेशी असणं-नसणं याने मोठा फरक पडला. अलम घालून केलेल्या त्याआधीच्या बऱ्याच प्रयोगांत तो पडत नव्हता. विचार करा: मामीच्या शिंकांमागे मास्ट पेशी आहेत, आणि आपण औषध तपासतोय अशा उंदरात, ज्याची सूज मास्ट पेशींवाचूनही निभावून नेते.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मी नुसती दुसऱ्यांवर बोटं दाखवते असं वाटणार नाही.

पहिल्या वर्षी मी पायलट प्रयोग लावला. नाकात थेंब द्यायचे होते. जाग्या उंदराला धरून पिपेटने थेंब देणं हे बघायला सोपं आणि करायला महाकठीण काम आहे. तो मान फिरवतो, शिंकतो, तुमचं बोट चावतो. म्हणून मी हलकी भूल द्यायचे आणि दोन्ही नाकपुड्यांत मिळून 40 मायक्रोलिटर सोडायचे. उंदीर शांत, थेंब छान आत जातोय, मी खूश. एका वरिष्ठ विद्यार्थ्याने सहज विचारलं, "ते नाकात राहतंय का?" म्हणून दोन उंदरांना थेंबात निळा रंग घालून दिला आणि उघडून पाहिलं. नाक फिकट निळं. फुफ्फुसं, दोन्ही बाजूंची, गडद निळी.

म्हणजे तीन महिने मी नाकाच्या ॲलर्जीच्या नावाखाली दमा करत होते. हे 2002 मध्येच छापून आलं होतं, कॅनडातल्या साउदम आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावून मोजलं होतं: भूल दिलेल्या उंदराला 5 मायक्रोलिटर दिले तर ते जवळपास सगळे वरच राहतात, 35-50 दिले तर निम्म्याच्या आसपास फुफ्फुसात उतरतात. जाग्या उंदरात खाली कमी जातं. मी तो पेपर वाचलेला होता. त्याचा संदर्भही माझ्या सिनॉप्सिसमध्ये होता. पण प्रोटोकॉल मी दुसऱ्याच पेपरातून उतरवला होता, आणि तिथे लिहिलं होतं... बरोबर, 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे'.

तो सगळा डेटा गेला. त्याहून टोचतं ते हे की त्यात चोवीस उंदीर गेले. आमच्या फॉर्मवर तो आकडा 'वापरलेले प्राणी' या रकान्यात आहे आणि तो खोडता येत नाही. तेव्हापासून 'नाकातून दिलं' एवढंच लिहिलेला पेपर दिसला, थेंबाचं माप आणि भूल दिली की नाही हे नसलं, की मी पुढचं वाचतच नाही. जरा टोकाचं आहे, माहीत आहे.

शिंका मोजण्याबद्दलही थोडं बोलायचं होतं. उंदराच्या नाकाच्या आतल्या अस्तराचा साधारण निम्मा भाग वास घेण्यासाठी असतो, आपला जेमतेम तीन टक्के. तो फक्त नाकानेच श्वास घेतो, त्याला चोंदलेल्या नाकाने तोंड उघडून झोपण्याची सोय नाही. त्याच्या मास्ट पेशी हिस्टामिनसोबत सेरोटोनिनही भरपूर सोडतात. आणि नाक चोळणं? उंदीर तसाही दिवसभर तोंड धूत असतो. मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे माहीत असेल तर त्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही.

मग कुठलं मॉडेल चांगलं? मी एक बाजू घेते. नाकाचा आजार अभ्यासायचा असेल तर माणसाला खरंच त्रास देणारा ॲलर्जन, अलमशिवाय, जाग्या उंदराला, लहान थेंबात, आणि निदान तीन-चार डोसवर. एंडोटॉक्सिन मोजून ते छापायचं. ओव्हाल्ब्युमिन टाकून देऊ नका: त्याच्याविरुद्धच्या टी पेशी, अँटिबॉडी, सगळी अवजारं तयार मिळतात, एखाद्या पेशीचा माग काढायचा असेल तर त्याला तोड नाही. पण त्यावर काढा तपासून मामीला सल्ला देऊ नका.

आणि पुण्यात बसून हे करायचं तर खरा ॲलर्जन शोधायला लांब जायला नको. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणीही म्हणतं. भारतात ते पसरल्याची पहिली ठळक नोंद 1956 मध्ये पुण्यातूनच झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं म्हणतात. आज कॅनॉलच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, टेकड्यांच्या पायथ्याशी, सगळीकडे तेच. मला ते आवडतं (संशोधक म्हणून!) कारण एकाच झुडपात दोन वेगळ्या ॲलर्जी आहेत. त्यातलं पार्थेनिन हे छोटं रसायन कातडीला लागून लागून जी खाज आणि चट्टे येतात, ती टी पेशींची उशिरा येणारी ॲलर्जी. शेतात तण काढणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं छळते. आणि परागकणांतली प्रथिनं नाकात गेली की आयजीईची सर्दी. बंगळुरूत यावर बरंच काम झालंय. वाट बदलली, रेणू बदलला, आजार बदलला. उंदरात हे करायचं तर डोस आणि वाट यांचा विचार टाळताच येत नाही, झुडूपच टाळू देत नाही. अर्क काढताना पार्थेनिन त्यात किती उतरलं तेही मोजावं लागेल, नाहीतर माझा 'परागकणांचा' प्रयोग पुन्हा निळ्या फुफ्फुसांसारखा भलताच निघायचा.

1873 मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने गवताच्या सर्दीवर पुस्तक लिहिलं. स्वतःलाच ती सर्दी होती, प्रयोगही स्वतःवरच. हवेत किती परागकण आहेत ते चिकट काचेवर पकडून रोज मोजायचा. उंचावरच्या हवेत किती आहेत बघायला पतंगाला काच बांधून वर पाठवली. आयजीई, मास्ट पेशी, काही काही माहीत नव्हतं त्याला. पण 'किती' हा प्रश्न त्याने पहिल्या दिवसापासून विचारला होता.

तर मामी, पेपर वाचायचा झाला तर गोषवारा सोड. पद्धतीच्या भागात जा आणि बघ: ॲलर्जन किती, तो नाकात किती थेंबाने दिला, उंदीर जागा होता का, एकच डोस होता की अनेक, आणि काढा सर्दी सुरू होण्याआधी दिला की नंतर. तू पाठवलेल्या पेपरात काढा पहिल्या दिवसापासून चालू होता. तुझी सर्दी वीस वर्षं जुनी आहे. म्हणून म्हटलं, सध्या नको. डॉक्टरांना नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेबद्दल विचार. नाव भीतीदायक आहे, पण तुझ्यासारख्या चोंदलेल्या नाकाला गोळीपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो, फक्त चार दिवसांत सोडून द्यायचा नाही.

माझा नवा प्रस्ताव गेल्या सोमवारी प्राणी नैतिकता समितीकडे गेला. डोसच्या रकान्यात या वेळी चार आकडे आहेत, त्यातला एक शून्य. थेंब 5 मायक्रोलिटरचा, भूल नाही. समिती विचारणार की चार गट कशाला, उंदीर वाढतात ना. प्रश्न बरोबरच आहे त्यांचा. उत्तर म्हणून मी त्या दोन निळ्या फुफ्फुसांचा फोटो जोडलाय. त्यांचं काय म्हणणं येतं ते कळवेनच. तोवर बोटाला चावून न घेता जागा उंदीर कसा धरायचा याचा सराव चालू आहे.